दुसरी काच

१

रोज सकाळी मी माझ्या उजव्या हाताची आई करायचो.

म्हणजे खुंटीवरची करड्या कापडाची बाही कोपरापर्यंत चढवायची, कागदाच्या लगद्याचं ते ससाण्याचं डोकं मुठीवर बसवायचं आणि अंगठ्याने खालची चोच उघडते-मिटते का ते बघायचं. डोळ्यांच्या जागी माझ्याच जुन्या कोटाची काळी बटणं होती. वरच्या चोचीला तडा गेला होता, तो मी डिंकाने बुजवला होता. वाळताना त्याचा एक ओघळ तिथेच थिजून राहिला, त्यामुळे आईला कायमची सर्दी झाल्यासारखं दिसायचं. एवढं जमलं की लाकडी भिंतीतली झडप वर सरकवायची, चोचीत मांसाची पट्टी धरायची आणि हात आत घालायचा. पलीकडे एक पिल्लू आ वासून बसलेलं असायचं. त्याच्या लेखी जगात दोनच जीव होते: ते स्वतः आणि ही सर्दी झालेली आई. त्या आईला कोपरामागे एक ढेरपोट्या माणूस जोडलेला आहे, हे त्याला जन्मभर कळू द्यायचं नव्हतं.

कल्पना माझ्या बायकोची. ती पक्ष्यांची डॉक्टर. आमच्या लहानपणी गावाच्या आभाळात ससाणे असायचेच, जसे रस्त्यावर सायकलवाले असायचे. मग शेतात कसलीशी फवारणी सुरू झाली. ते विष कबुतरांतून ससाण्यांत उतरलं आणि त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली. आई उबवायला बसली की अंडं फुटायचं. ज्या मायेने ऊब द्यायची त्याच मायेच्या वजनाने. पुढे फवारणी बंद झाली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं आणि कबुतरं इतकी माजली होती की रस्त्यावर माणसाला वाट देईनात.

बायकोने कुठून कुठून अंडी मिळवून यंत्रात उबवली. आधीच्या वर्षांत बोटांवर मोजता येतील इतके ससाणे तिने सोडले होते. त्या वर्षी तीन अंड्यांतून एकच पिल्लू निघालं. मादी होती. यंत्र कायमचं बंद पडलेलं, नवीन अंडी मिळायची नव्हती. म्हणजे ही शेवटची. पिल्लांना नाव ठेवायला सक्त मनाई होती. घरी मोठ्या बाईसाहेब असल्यामुळे मी हिला मनातल्या मनात ‘धाकटी’ म्हणायचो.

नियम एकच. धाकटीने माणूस पाहायचा नाही, माणसाचा आवाज ऐकायचा नाही. एकदा पाहिला की ती स्वतःला माणूस समजणार, रानात जोडीदार शोधायचा सोडून माणसांच्या खिडक्यांशी घिरट्या घालणार, आणि मग तिला जन्मभर पिंजरा.

आणि या कामावर नेमलं कुणाला, तर मला. गावात मला ‘गप्पाजी’ म्हणतात. मी एकदा पुरात म्हशीवर बसून पोस्टात गेलो होतो, ही हकीकत मी चार वेगवेगळ्या म्हशींवर बसून सांगितलेली आहे. बायकोला लोकांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की मी त्याला काम दिलेलं नाही, शिक्षा दिली आहे.

२

ही सगळी व्यवस्था होती गावाच्या जुन्या पाण्याच्या टाकीवर. टाकी कोरडी पडून जमाना झाला होता. चार उंच खांब, त्यांना वेढा घालत वर जाणारा लोखंडी जिना, आणि अगदी वर, टाकीच्या झाकणावर, सुताराने बांधलेली फळ्यांची खोली.

खोलीचे दोन भाग होते. पुढचा भाग धाकटीचा: तीन बाजूंना फळ्या आणि चौथी बाजू उघडी, फक्त लोखंडी नळ्यांचे गज. त्यातून तिला गाव दिसायचं, नदी दिसायची, आभाळ दिसायचं. मागचा भाग माझा: एका माणसाला जेमतेम बसता येईल असा बोळ, आतून काळा रंगवलेला. दोन्हींच्या मधल्या भिंतीत झडप, बाजूला आत जायचं बुटकं दार आणि डोळ्याच्या उंचीवर बशीएवढी गोल काच. काच खास होती. उजेडातून पाहिलं तर आरसा, अंधारातून पाहिलं तर आरपार. धाकटी उजेडात, मी अंधारात. मी तिला बघायचो, ती त्या काचेत स्वतःलाच बघायची आणि बहुधा खूश व्हायची. बायकांचं काही सांगता येत नाही.

बोळात बोलायचं तर सोडाच, खाकरायचंही नाही. मोबाइल खाली जिन्याशी डब्यात. चपला खाली. बुटक्या दाराला बोळाच्या बाजूने आपोआप पडणारी कडी होती, ती पडताना खट्ट वाजायची. मी तिला जाड लोकरी कापडाचे तुकडे असे बेमालूम चिकटवले की ती मांजराच्या पावलाने पडायला लागली. बायकोने त्याबद्दल माझं कौतुक केलं होतं. कामावर ती मला ‘तुम्ही’ म्हणायची, घरी ‘तू’. ‘तुम्ही हे फार छान केलंत,’ असं ती म्हणाली तेव्हा मला एकदम पगार वाढल्यासारखं वाटलं.

आता त्या आरशाचं.

माझ्या स्टुलाच्या मागे, बोळाच्या मागच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला एक बशीएवढा गोल आरसा होता. कधीपासून होता ते मला सांगता येणार नाही. मी तो गृहीतच धरला होता. जाता-येता त्यात मिशी नीट करायचो. बायकोने आपल्यासाठी एवढं केलं, या विचाराने मी दोन-तीनदा घरी न सांगता भांडी घासली.

एका संध्याकाळी तीच म्हणाली, बोळात कामाला जाताना मिशीला काय एवढं बघायचं असतं, आरसा कशाला लावलास?

मी म्हटलं, मी नाही, तू लावलास.

ती हसली. मीही हसलो. मग दोघंही जरा कमी हसलो.

३

सुताराला गाठलं. तो दुकानात रंधा मारत होता. मी आरशाचं विचारल्यावर त्याने मान वर न करता सांगितलं, की काच त्याने एकच बसवली, आणि दुसरी बसवली असती तर तिचं बिल त्याच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे माझ्या बायकोला, केव्हाच गेलं असतं. मग रंधा थांबवून म्हणाला, “गप्पाजी, आजची म्हैस कुठली?”

हे असं होतं. खोटं बोलण्यात माझी हयात गेली होती, आणि आता खरं सांगायची वेळ आली तर माझ्याकडे चांगलं गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

मी आपल्या परीने डोकं चालवलं. जिन्याच्या शेवटच्या वळणावरून वाकून बोळाची मागची भिंत बाहेरून बघितली. फळ्या सलग होत्या. भोक नाही, काच नाही. भिंतीपलीकडे उभं राहायला वीतभरही जागा नव्हती. नुसती हवा आणि चार मजल्यांखाली गवत. मग आत जाऊन आरशाला हात लावला. थंडगार होता. आणि मला एक साधी गोष्ट सुचली, ती सुचली नसती तर बरं झालं असतं. धाकटीच्या बाजूने तिची काच अशीच दिसते. हुबेहूब आरसा.

पण तसं असेल तर पलीकडे माझ्या बोळाहून जास्त अंधार हवा. पलीकडे तर भर दुपारचं ऊन होतं. म्हणजे हा साधा आरसाच. मी स्वतःला शाबासकी दिली आणि स्टूल फिरवून आरशाकडे तोंड करून बसलो. पाठ करून बसवेना.

त्याच सुमारास धाकटीची भूक बिघडली. सकाळी झडप उघडावी तर बाईसाहेब ढिम्म. गळ्याखालची अन्नाची थैली टम्म फुगलेली. पोट भरलेल्या ससाण्याची ती खूण असते. आई चोच हलवून हलवून दमायची, धाकटी नुसती मान वळवायची. मला वाटलं बायको पहाटे येऊन भरवते. बायकोला वाटलं मी ठरल्याहून जास्त भरवतो आणि घरी कमी सांगतो. त्यावरून आमचं छान भांडण झालं. शेवटी तिने वजनं तपासली. धाकटी छान वाढत होती, आम्ही घालत होतो त्या मानाने जरा जास्तच छान.

“कोण का घालेना,” बायको दमून म्हणाली, “जगतेय ना.”

तेव्हा मला ते वाक्य आवडलं नव्हतं. आता मी ते रोज म्हणतो.

४

गज काढायला दोनेक आठवडे उरले होते. पिल्लू उडण्याजोगं झालं की एके सकाळी, त्याला न कळत, पुढचे गज काढून घ्यायचे असतात. बायकोला परगावी जावं लागलं. हे काम पुढे चालू ठेवायचं की नाही, ते तिथले मोठे लोक ठरवणार होते. निघताना तिने मला दहा सूचना दिल्या आणि अकरावी म्हणून म्हणाली, “ही शेवटची आहे. हिने तुम्हाला पाहिलं, तर मी इतकी वर्षं काय केलं, त्याला उत्तर नाही माझ्याकडे.”

‘तुम्हाला’ म्हणाली. म्हणजे गंभीर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचेतून पाहिलं तर धाकटी उलटी लटकत होती. बसायच्या काथ्याच्या चटईचा एक दोरा सुटून तिच्या पायाच्या बोटांत गुंतला होता आणि ती पंख आपटत होती. एकेका हिसक्याला दोरा आणखी आवळत होता. पाय गेलेला ससाणा म्हणजे मेलेला ससाणा. तो शिकार पायाने करतो.

डब्यातला मोबाइल, परगावची बायको, यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी बोळात पडलेलं एक गोणपाट डोक्यावरून कमरेपर्यंत ओढून घेतलं, उजव्या हातावर आई चढवली, डाव्या हातात कात्री, आणि बुटक्या दारातून ओणवा आत शिरलो. गोणपाटाच्या विणीतून अंधुक दिसत होतं. आईने धाकटीच्या पाठीवर चोच टेकवली तशी ती शांत झाली. लहान मूल कसं ओळखीच्या हाताला शांत होतं, तशी. मी दोरा कापला. पाय लाल झाला होता, पण बोटं हलत होती. ती मोकळी होऊन कोपऱ्यात सरकली आणि पिसं नीट करू लागली, जणू लटकत होती ती दुसरीच कुणी.

मी मागे सरकत दाराशी आलो. दार बंद होतं.

वाऱ्याने लोटलं असणार. कडी पडली असणार. मला ऐकू आली नाही, कारण ती ऐकू येऊ नये म्हणून मीच तिला लोकरीचे मोजे घातले होते.

५

ओरडलो असतो तर खाली कुणी ना कुणी ऐकलं असतं. दूधवाला टाकीखालूनच जातो. गजांतून हात बाहेर काढून हलवला असता तरी चाललं असतं. माणसं शिडी घेऊन आली असती, टाळ्या वाजवल्या असत्या, आणि धाकटीने एका दमात आख्खी मनुष्यजात पाहिली असती.

बायको परवा येणार होती.

मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलो. मांडी घातली, गोणपाटात हात-पाय ओढून घेतले, आईला मांडीवर ठेवलं, आणि लाकडाचा ओंडका व्हायचा प्रयत्न करू लागलो. आयुष्यात मी कधी इतका वेळ गप्प बसलेलो नाही. माझ्या आईच्या पोटातही बसलो नसेन.

उन्हाळा होता. दुपारी छपराचा पत्रा तापला आणि फळ्यांना भेगा पडल्यासारखे आवाज येऊ लागले. ससाण्याच्या पिल्लाला पाणी वेगळं लागत नाही, मांसातून मिळतं, त्यामुळे आत थेंबही नव्हता. माझी बाटली आणि जेवणाचा डबा बोळात, स्टुलाखाली. हाताच्या अंतरावर, फळीपलीकडे, आणि झडपही तिकडूनच उघडणारी. जिभेचं चामडं झालं. डोळ्यांपुढे काजवे नाचू लागले. एकदा ओरडायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात धाकटी माझ्या गोणपाटाजवळ आली, एक टोक चोचीने ओढून पाहिलं, आणि बेचव लागल्यासारखी निघून गेली. मी तोंड मिटलं.

धाकटीही उपाशी होती. सकाळचं भरवणं राहून गेलं होतं. ती झडपेपुढे बसली आणि हाका मारू लागली.

दुपारच्या भरवण्याची वेळ झाली, आणि झडप वर सरकली.

६

आवाज नाही. मीच तेल घातलं होतं.

पहिला विचार अर्थातच बायकोचा आला. काम लवकर आटपून आली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. अंगात पाणी शिल्लक आहे हे त्यावरूनच कळलं. हाक मारणार होतो. पण धाकटी तिथे होती, म्हणून थांबलो. गोणपाटातून मान तिरकी करून पाहू लागलो.

झडपेतून आई आत आली.

करडी बाही, बटणाचे डोळे, चोचीवरचा डिंकाचा ओघळ. चोचीत पट्टी. धाकटीने आ वासला, आईने घास दिला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. माझ्याहून सफाईदार. माझा हात चौथ्या घासाला दुखायला लागतो, हा लागत नव्हता.

मी हळूच खाली पाहिलं. आई माझ्या मांडीवर होती. माझा हात तिच्यात होता. बोटं हलवली, तिची चोच हलली.

मग मी तिकडच्या आईकडे नीट पाहिलं. ओघळ होता, पण चोचीच्या दुसऱ्या बाजूला. आरशात पाहून काढलेल्या चित्रात होतो तसा.

धाकटीची थैली भरली. ती आई मागे गेली. झडप उघडीच राहिली. बोळात किती अंधार असतो ते मला माहीत आहे, मीच तो रंगवला आहे. झडपेत त्याहून जास्त अंधार होता.

मग एक हात आत आला.

माझ्या बायकोचा हात. तिची लांब बोटं, आखूड कापलेली नखं. अंगठ्यामागे तिला भाजल्याचा जो व्रण आहे, तोसुद्धा. मनगटावर तिचं घड्याळ. हातात ओलं फडकं होतं. हात सावकाश लांब झाला, बोळातून इथवर पोचायला हाताला जितकं लांब व्हावं लागेल तितका लांब झाला, आणि फडकं माझ्या गोणपाटापाशी, तोंडाच्या उंचीवर येऊन थांबलं.

व्रण दोऱ्याने विणलेला होता. बारीक, मन लावून घातलेले टाके. घड्याळ रंगाने काढलेलं होतं. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. बायको घड्याळ उजव्या हातात घालते. हा डावा हात होता.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. यापूर्वी मी तो शब्दप्रयोग नुसता वापरत आलो होतो.

हात वाट पाहत राहिला. घाई नाही. बोटांनी फडकं जरासं हलवलं. अगदी तसं, जसं मी चोचीतली पट्टी हलवायचो. घे ना. घे. आणि त्या हलवण्यात इतकी काळजी होती की माझ्यातलं काहीतरी सुटलं. एवढे टाके कुणीतरी कुठेतरी बसून घातले होते. मला कुणाचा हात ओळखीचा वाटेल हे कुणीतरी किती दिवस काचेतून बघून ठरवलं होतं.

मी गोणपाटाची कड वर केली, डोळे मिटले आणि आ वासला. पन्नाशीला टेकलेला घोडा मी. फडकं पिळलं गेलं. पाणी माझ्याच बाटलीतलं होतं, प्लास्टिकचा वास ओळखीचा होता. मग माझ्याच डब्यातले घास, लहान लहान केलेले, एकेक. पोट भरल्यावर मी मान वळवली, तसा हात थांबला. जाताना क्षणभर माझ्या डोक्यावर गोणपाटावरून टेकला. त्याला वजन होतं, पण ऊब नव्हती. ऊब विसरली असावी, किंवा जमली नसावी.

मधल्या भिंतीतली गोल काच माझ्या समोरच होती. दोन्ही तळव्यांचा आडोसा करून तिला डोळा लावला असता तर पलीकडचं थोडं दिसलंही असतं. मला एवढंच कळत होतं की धाकटीने बघू नये म्हणून मी काय काय केलं, आणि का केलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि तसाच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशीही दोन्ही वेळा झडप उघडली. मी आधीच आ वासून बसलो होतो.

७

बायको आली तेव्हा मी पुन्हा हाताकडेच बघितलं. दार उघडून ओणवी आत आली, तोंडावर ओढणी गुंडाळलेली, आणि तिने माझा दंड धरला. उजवा हात. काटा फिरत होता. तळवा घामाने ओला आणि गरम. मी तो हात दोन्ही हातांनी धरला आणि नाकाला लावला. तिला वाटलं ऊन डोक्यात गेलं.

बोळातून बाहेर, जिन्यावर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, “तिने पाहिलं तुला?”

कामाच्या जागी ‘तुला’. मी नाही म्हणून मान हलवली. बोलता येईना, सवय गेली होती. तेव्हा ती पायरीवर बसली आणि तोंडावरची ओढणी न काढताच रडली.

मग दारातून तिचं लक्ष स्टुलाखालच्या जेवणाच्या डब्याकडे गेलं. ती डॉक्टर आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तू आत, डबा बाहेर, मग डबा रिकामा कसा? शिवाय झाकण नीट लावलेलं. तू कधी लावत नाहीस.

मी सगळं सांगितलं. जसं इथे सांगतोय तसंच, म्हैस न घालता. ती ऐकत होती. मला वाटलं आता म्हणेल, थापा पुरे. ती उठून बोळात गेली. बऱ्याच वेळाने आली. मागच्या भिंतीवर आरसा नव्हता, असं म्हणाली. फळीवर नुसता गोल डाग होता, रंग न लागलेल्या लाकडाला असतो तसा फिक्कट.

रात्री जेवताना तिने भाजी वाढली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “टाके नीट होते का रे?”

मी म्हटलं, तू माणसांना घालतेस त्याहून नीट. ती माणसांची डॉक्टर नाही, पण मेहुण्याच्या कपाळाला तिने एकदा टाके घातले होते आणि तो अजून टोपी घालून फिरतो. ती हसली. त्या हसण्याबद्दलही मी आभारीच आहे.

८

गज काढायचं काम पहाटे, उजाडता उजाडता करतात. मी आणि सुताराने बाहेरून, बाजूच्या फळ्यांआड दोरावर लोंबकळत, एकेक नळी सरकवून काढली. मग मी बोळात येऊन काचेतून पाहत बसलो.

तुम्हाला वाटेल पिल्लू लगेच झेप घेतं. नाही. त्याला कळतच नाही. तीन भिंती आहेत, चौथीही आहे असं ते धरून चालतं. आधी वारा कळतो. छातीवरची मऊ पिसं हलतात, आणि ते चमकून वाऱ्याकडे बघतं, की हे कुठून आलं? धाकटी सबंध सकाळ कडेवर बसून होती. दुपारी केव्हातरी मी डोळा चोळला, आणि ती नव्हती.

चारच महिन्यांत ती गावावर राज्य करू लागली. खाली माणूस दिसला की उंच जायची. पक्की रानटी. बायको गच्चीत दुर्बीण घेऊन बसायची आणि तिच्या चेहऱ्यावर मला लग्नातला चेहरा दिसायचा. कबुतरं पुन्हा वळचणीने चालू लागली. परगावच्या मोठ्या लोकांनी काम चालू ठेवलं, नवीन यंत्रही मंजूर केलं.

हिवाळ्यात धाकटीबरोबर दुसरा ससाणा दिसला. मग आणखी दोन. मग बायकोने मोजणं थांबवलं, कारण तिने आजवर सोडलेल्या सगळ्यांना जिवंत धरलं तरी आकडा जुळेना. आमच्या प्रत्येक ससाण्याच्या पायात धातूची कडी असते.

“या नव्यांच्याही पायात आहे,” ती दुर्बीण डोळ्यांवरून न काढता म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पण उन्हात चमकत नाही.”

मी दुर्बीण मागितली नाही. भरल्या आभाळाचे दात मोजू नयेत.

९

आमचं गाव, खरं सांगायचं तर, ससाण्यांसारखंच उतरणीला लागलेलं आहे. तरुण पोरं शहरात गेली. शाळेला कुलूप आहे. आमच्या गल्लीत संध्याकाळी दिवे लागतात ती घरं थोडी, न लागणारी फार. आम्हाला मूल नाही. बायको गमतीत म्हणायची, की आपली अंडी पातळ झाली आहेत, आणि कुणालातरी त्यांची कवचं मोजायला पाठवायला हवं.

गेलं वर्षभर मात्र बरं चाललंय. दुखणी येत नाहीत. डबा विसरलो तर स्टुलाखाली सापडतो. मिशी जरा नीट दिसते, कारण घरात एक आरसा वाढलाय, न्हाणीघराबाहेर, बशीएवढा. बायकोने विचारलं नाही, मीही नाही. जाता-येता आम्ही दोघं त्याच्यापुढे जरा नीट वागतो, एवढंच. भांडणं कमी झाली.

आज पहाटे जाग आली. खोली नेहमीची. तीन बाजूंना भिंती. चौथी कपाटाची, तिच्यावर कॅलेंडर. पंखा बंद होता, खिडकी बंद होती. कॅलेंडरची पानं हलत होती, भिंतीपासून आमच्याकडे फडफडत. बायकोच्या कपाळावरचे केस उडत होते. वाऱ्याला नदीचा वास होता आणि उंचीवर असतो तसा गारवा.

मला भीती वाटली, का नाही वाटणार? पण ती पाहुण्यासारखी आली आणि उंबऱ्यापाशी थांबली. आत दुसरंच काहीतरी भरलेलं होतं. मला ते फडकं आठवलं. घाई न करता थांबलेला तो हात आठवला. ज्याने भरवलं त्याला जर वाटत असेल की आता आपण निघण्याजोगे झालो, तर आपण काय म्हणायचं? मी पांघरुणातून पाय काढून वाऱ्याकडे केले. भिंतीकडे पाहिलं नाही. पाहायचं नसतं.

बायकोची झोप चाळवली. डोळे न उघडता म्हणाली, “खिडकी उघडी ठेवलीस का रे?”

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुठलीही म्हैस सुचली नाही.

“नाही,” मी म्हणालो.

 मग तिने हात पुढे केला, उजवा, आणि माझ्या हातात दिला. मी अंगठा तिच्या मनगटावर ठेवला. घड्याळ टिकटिकत होतं, आणि त्याच्याखाली तीही.